२८ इंच पाणी

इंजिनाच्या हेडचं काम करणारा मिस्त्री पोर्टमध्ये, हवा जायच्या वाटेत, करंगळी घालतो, आत फिरवतो आणि सांगतो, "इथं अडतंय." परभणीत जिंतूर रोडला, वसमत रोडला, तिकडं गंगाखेडला, सेलूला, जिथं लेथ आणि सीट कटर आहे तिथं हेडची पारख अशीच होते. माझे वडील ऑईल इंजिनांची कामं करायचे. तेही असंच सांगायचे आणि बहुतेक वेळा त्यांचं खरं निघायचं. तरी मला कायम वाटत आलंय की हवा किती अडतेय हे करंगळीला कळत नाही, आणि खरवडल्यावर ती किती मोकळी झाली हे तर मुळीच कळत नाही. म्हणून मी हवा मोजायला लागलो. वर्कशॉपच्या कोपऱ्यात त्यासाठी प्लायवूडचं एक मोठं खोकं उभं केलंय. त्याला फ्लो बेंच म्हणतात.

हवा मोजायची कशाला, हे आधी सांगितलं पाहिजे. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण पेट्रोल हवं तेवढं आत सोडता येतं. अडचण असते हवेची. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. तेवढी हवा सिलिंडरमध्ये आलीच नाही, तर जास्तीचं पेट्रोल काळा धूर होऊन सायलेन्सरातून निघून जातं. इंजिनाची ताकद ठरते ती त्याने मिनिटाला किती हवा आत घेतली यावर.

आपल्या शेताशेतांत दिसणारं किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं एव्ही-१ इंजिन घ्या. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, म्हणजे ५५३ सीसी. फेरे मिनिटाला १५००. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा हवा आत येते, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा. प्रत्येक वेळी सिलिंडर पूर्ण भरतो असं धरलं, तर मिनिटाला सुमारे ४१५ लिटर हवा झाली. आता जुनी, कार्ब्युरेटरची स्प्लेंडर घ्या. ९७.२ सीसी, पूर्ण जोरात ८००० फेरे. तिथं हिशेब येतो ३८९ लिटरचा. एक इंजिन उचलायला चार माणसं लागतात, दुसऱ्याचा सिलिंडर तळहातावर मावतो, आणि दोन्ही जवळजवळ सारखीच हवा ओढतात. ताकदीत तर स्प्लेंडर पुढेच, सात-आठ हॉर्सपॉवर. मी हा हिशेब वर्कशॉपच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय, कारण नवीन आलेल्या पोराला इंजिन समजवायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

पण त्या ३८९ लिटरमागची घाई पाहा. ऑईल इंजिनात हवा आत घेणाऱ्या अर्ध्या फेऱ्याला २० मिलिसेकंद मिळतात. स्प्लेंडरला ८००० फेऱ्यांवर मिळतात पावणेचार. एवढ्या वेळात हवेने एअर फिल्टरमधून यायचं, कार्ब्युरेटर ओलांडायचा, हेडमधल्या वाकड्या बोगद्यातून वळायचं, व्हॉल्व्हच्या डोक्याला वळसा घालून कडेच्या फटीतून सिलिंडरमध्ये शिरायचं आणि पिस्टन खाली पोचेपर्यंत तो भरायचा. त्या बोगद्याला आम्ही पोर्ट म्हणतो. पोर्ट, व्हॉल्व्ह, सीट, गाईड आणि जिथं भडका उडतो ती पोकळी, हे सगळं ज्या एका ओतीव तुकड्यात बसवलेलं असतं ते हेड. शर्यतीच्या इंजिनात फेरे वाढवायचे असतात. फेरे वाढले की वेळ कमी होतो, आणि वेळ कमी झाला की हेडचा प्रत्येक दोष मोठा होतो. चाकणला बनलेली जुनी, २०२३ पर्यंतची ड्यूक ३९० आणि जुनी बुलेट ३५० शेजारी ठेवली तर हे लगेच लक्षात येतं. एक ३७३ सीसी, दुसरी ३४६ सीसी. फरक फार नाही. पण ड्यूकची ताकद ४३ हॉर्सपॉवरच्या घरात आणि बुलेटची २० च्या आसपास. ड्यूकच्या हेडमध्ये चार व्हॉल्व्ह आहेत, बुलेटच्या दोन, आणि त्या चारांमुळे ड्यूकला बुलेटच्या जवळपास पावणेदोन पट फेऱ्यांवरही श्वास पुरतो.

फ्लो बेंच हे सगळं थांबवून दाखवतो. इंजिनात हवा झटक्या-झटक्याने येते. बेंचवर ती सतत, एका जोरात ओढली जाते, म्हणून मोजता येते. माझ्या खोक्याच्या खालच्या बाजूला व्हॅक्यूम क्लीनरच्या तीन मोटारी आहेत. त्या हवा बाहेर फेकतात, त्यामुळे खोक्यात ओढ तयार होते. खोक्याच्या वरच्या फळीवर एक नळकांडं, ज्या इंजिनाचं हेड त्याच बोअरचं. स्प्लेंडरसाठी ५० मिलिमीटरचं. त्यावर हेड बसवायचं, खाली रबराचं पॅकिंग. हेडच्या मूळ स्प्रिंगा कडक असतात, त्या काढून हलक्या घालायच्या. वरून एक स्क्रू व्हॉल्व्हच्या शेंड्याला दाबतो आणि डायल गेज सांगतो की व्हॉल्व्ह किती उघडला. एक मिलिमीटर, दोन, तीन, असं करत पुढं जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर किती हवा गेली ते लिहायचं.

पोर्टच्या बाहेरच्या तोंडाला मातीची गोल ओठासारखी कड करावी लागते. नाही तर हवा त्या धारदार काठावरच फाटते आणि हेडचा दोष नसताना आकडा पडतो. शाडूने सुरुवातीला काम होतं, पण तो वाळला की भेगा पडतात आणि भेगेतून हवा शिरते. लहान मुलांच्या खेळातली तेलकट रंगीत माती बरी, ती दिवसभर मऊ राहते.

मोजणं कसं होतं, तो भाग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात महागडं काहीच नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवायची, त्यात रंगीत पाणी भरायचं. एक टोक मोकळ्या हवेत, दुसरं खोक्यात. मोटारी सुरू झाल्या की एका बाजूचं पाणी वर चढतं, दुसऱ्या बाजूचं उतरतं. दोन्हींतला फरक म्हणजे ओढीचा जोर. मोटरसायकल आणि गाड्यांच्या हेडसाठी जगभर जो जोर बहुतेक जण धरतात तो २८ इंच पाण्याचा, म्हणजे साधारण ७११ मिलिमीटर. वातावरणाच्या एकूण दाबाच्या तुलनेत तो फक्त सात टक्के आहे, पण एवढ्याशा फरकाने हवा किती वेगाने पळते हे ऐकून माणसं विश्वास ठेवत नाहीत. सेकंदाला सुमारे ११० मीटर, ताशी ४०० किलोमीटरच्या जवळपास. डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये आपल्या ग्रंथात दाब आणि वेग यांचं जे नातं मांडलं, त्याचाच हा हिशेब आहे.

खोक्याच्या मधल्या भिंतीत मापाचं एक गोल छिद्र आहे, धारदार काठाचं. हेडमधून आलेली सगळी हवा त्याच छिद्रातून मोटारींकडे जाते. त्या छिद्राच्या अलीकडे-पलीकडे दुसरी नळी जोडलेली आहे. ती आडवी-तिरकी ठेवली की बारीकसा फरकही लांब अंतरावर दिसतो. हेडवरची ओढ २८ इंचांवर धरून ठेवायची आणि तिरक्या नळीत पाणी कुठवर गेलं ते वाचायचं. पाणी जितकं पुढं, तितकी हवा जास्त. पण सरळ पटीत नव्हे. हवा दुप्पट झाली तर दाबाचा फरक चौपट होतो. म्हणून नळीवरच्या खुणा वर्गमुळाच्या हिशेबाने जवळ-दूर कराव्या लागतात.

खोकं खरं बोलतं का, हेही तपासावं लागतं. त्यासाठी जाड पत्र्यात लेथवर २० मिलिमीटरचं छिद्र पाडायचं, काठ धारदार ठेवायचा आणि हेडच्या जागी तो पत्रा बसवायचा. अशा छिद्रातून हवेचा झोत बाहेर पडताना आक्रसतो, त्यामुळे छिद्राच्या क्षेत्रफळाच्या फक्त ६० टक्क्यांच्या आसपास जागा खऱ्या अर्थाने वापरली जाते. २८ इंचांवर त्यातून मिनिटाला १२०० ते १३०० लिटर हवा जायला हवी. तेवढी दिसली नाही तर कुठं तरी गळती आहे. माझ्याकडे रोज सकाळी पहिलं काम हेच असतं, मग एक जुनं मूळ हेड बसवून कालचा आकडा परत येतो का पाहायचं, आणि नंतरच गिऱ्हाइकाच्या हेडला हात. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटारी मंदावतात आणि ओढ २८ वरून घसरते. त्या वेळी मी मोजत नाही.

इथल्या हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, आणि कृषी विद्यापीठाच्या नोंदीत डिसेंबर-जानेवारीत तो ५ अंशांच्याही खाली उतरलेला आहे. ५ अंशांची हवा ४४ अंशांच्या हवेपेक्षा १४ टक्के जड असते. म्हणजे तीच गाडी, तेच हेड, पण हिवाळ्याच्या पहाटे तिला प्रत्येक घोटात जास्त हवा मिळते. गाडी थंडीत चांगली पळते असं जे लोक म्हणतात, ते खरं आहे. बेंचवर मात्र हेड आणि मापाचं छिद्र दोघांतून एकच हवा जात असल्यामुळे हा फरक बराचसा आपोआप कटतो. अट एवढीच की दोन्ही जागी तापमान सारखं हवं. इनटेक मोजताना हवा आधी हेडमधून, मग छिद्रातून आणि शेवटी मोटारींतून जाते, त्यामुळे मोटारींची उष्णता मधे येत नाही. एक्झॉस्ट मोजताना दिशा उलटी होते, तापलेली हवा हेडकडे येते. तिथं मी दोन थर्मामीटर लावतो.

आकड्याबरोबर दाब सांगितला नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही, हे मी इथं जोर देऊन लिहितो, कारण यावरून गिऱ्हाइकं फसवली जातात. समजा १० इंचांवर एक हेड ४० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ४० घनफूट हवा दाखवतं. तेच हेड, काहीही न करता, २८ इंचांवर ६७ दाखवेल. हेड एकच, फक्त ओढ वाढवली. कुणी तुम्हाला आधीचा आकडा १० इंचांवर आणि नंतरचा २८ वर दाखवला, तर त्याने काही न करता तुमच्याकडून पैसे घेतले.

या विद्येचा मोठा माणूस म्हणजे इंग्लंडचा हॅरी वेस्लेक. १९२० च्या दशकात तो बेंटलीच्या इंजिनांसाठी हवा मोजत होता. १९४८ मध्ये जॅग्वारचं एक्सके इंजिन आलं, त्याच्या हेडमागे त्याचंच काम होतं. १९६७ मध्ये बेल्जियमच्या स्पा इथं डॅन गर्नीने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली, त्या गाडीच्या बारा सिलिंडरच्या इंजिनाला गर्नी-वेस्लेक असंच नाव होतं. हे सगळं दूरचं वाटेल, पण वेस्लेकचं काम परभणीच्या स्टँडवरही उभं होतं. अँबेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं. त्याचं हेड उलटं करून पाहा. भडका उडण्याची पोकळी बदामाच्या आकाराची दिसेल, दोन व्हॉल्व्हच्या मधे एक टोक आत आलेलं. ती रचना वेस्लेकची. ते टोक येणाऱ्या हवेला वळण देतं आणि गरम एक्झॉस्ट व्हॉल्व्हपासून ताजा माल थोडा दूर ठेवतं. जुन्या काळी कार्बन खरवडताना काही मिस्त्री ते टोक आडवं येतं म्हणून घासून टाकायचे. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ते मुद्दाम ठेवलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट. हेड मोकळं करायचं म्हणजे काय करायचं?

माझ्याकडे येणारी पोरं एकच मागणी घेऊन येतात. जिंतूर तालुक्यातला एक मुलगा ड्रॅग रेसची गाडी तयार करत होता. हेड बाकावर ठेवून म्हणाला, "काका, पोर्ट फुल मोठं करा आणि चकचकीत पॉलिश मारा."

मी म्हटलं, "बाळा, आधी आहे तसं मोजू. मग तूच सांग कुठं मोठं करायचं."

मोजलं. पहिल्या दोन-तीन मिलिमीटरपर्यंत व्हॉल्व्ह उघडत गेला तशी हवा झपाझप वाढत गेली. पुढं वाढ मंदावली, आणि शेवटी व्हॉल्व्ह आणखी उघडूनही नळीतलं पाणी जागचं हलेना. उलट ते थरथरायला लागलं आणि आवाज बदलला. गुळगुळीत घूं असा आवाज होता, तो फाटल्यासारखा फरफर झाला. त्या मुलाने ते ऐकलं आणि तो पोर्टपाशी कान घेऊन वाकला.

असं का होतं, ते सांगतो. व्हॉल्व्ह थोडा उघडा असतो तेव्हा अडथळा फटीचा असतो. फटीचं क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या घेराला उघडण्याने गुणून येतं. व्हॉल्व्ह आपल्या व्यासाच्या पाव इतका उघडला, समजा २४ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह ६ मिलिमीटर, की फटीचं क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या तोंडाइतकं होतं. त्यापुढं आणखी उघडून फारसा फायदा नाही, मग पोर्टचं वळण अडवायला लागतं. हवेला वजन आहे. वळणावर वेगात आलेली एसटी जशी बाहेरच्या बाजूला रेटली जाते, तशी हवा वळणाच्या आतल्या काठाला चिकटून राहत नाही, सुटते. आतल्या काठाशी भोवरे तयार होतात आणि निम्मं तोंड रिकामं जातं. फरफर आवाज त्या भोवऱ्यांचा. तारेच्या टोकाला दोऱ्याचा तुकडा बांधून आत धरला तर ते डोळ्यांनी दिसतं. बाहेरच्या बाजूला दोरा ताठ उभा राहतो, आतल्या वळणाशी तो गोल-गोल फिरतो, कधी उलटाही वळतो.

मग त्या हेडमध्ये पोर्टचं तोंड आम्ही मोठं केलं नाही. आतल्या वळणाचा उभा काठ गोल केला, गाईडचा पोर्टमध्ये डोकावणारा गड्डा दोन्ही बाजूंनी निमुळता केला, आणि सीट तीन कोनांत कापली. ४५ अंशांची मूळ सीट, तिच्या वर ३० अंश, खाली ६० अंश. एकच कोन असला की हवेला तिथं एकदम मोडावं लागतं. तीन कोनांत ती टप्प्याटप्प्याने वळते. सगळं मिळून चिमटीत मावेल एवढाच अॅल्युमिनियमचा भुसा निघाला. पुन्हा बसवलं, तर थरथर सुरू होण्याची जागा पुढं सरकली आणि कमी उघड्या व्हॉल्व्हवरही पाणी पुढं गेलं. हा दुसरा फायदा जास्त मोलाचा, कारण व्हॉल्व्ह पूर्ण उघडा एकदाच असतो, पण कमी उघडेपणातून तो जाताना एकदा आणि येताना एकदा, असा दोनदा जातो. या कामातली सगळ्यात मोठी कमाई सीटच्या वर-खाली अर्ध्या इंचात असते. बाहेरून दिसणारं पोर्टचं तोंड गिऱ्हाइकाला दाखवायला चांगलं, पण तिथं फारसं काही अडत नसतं.

पोर्ट वाटेल तसं मोठं करण्याचा तोटा साध्या गणितात आहे. २२ मिलिमीटरचं पोर्ट २५ केलं तर क्षेत्रफळ २९ टक्के वाढतं. इंजिन तेवढीच हवा घेत असेल तर तिचा वेग पाऊण पटीच्या जवळ येतो. वेगात आलेली हवा पिस्टन खालून वर वळायला लागल्यावरही स्वतःच्या जोराने आत घुसत राहते. वेग गेला की ती परत फिरते. बेंचवर आकडा मोठा दिसतो आणि रस्त्यावर गाडी खालच्या फेऱ्यांत मेल्यासारखी चालते. म्हणून मी नुसता हवेचा आकडा देत नाही, पोर्टच्या सगळ्यात अरुंद जागेचं माप घेऊन तिथला वेगही लिहून देतो. पॉलिशचंही तसंच. कार्ब्युरेटरच्या गाडीत पोर्टच्या भिंतीवर पेट्रोलचे थेंब बसतात. किंचित खरखरीत भिंत त्यांना पुन्हा हवेत उडवते, चकचकीत भिंतीवरून ते ओघळतात. २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून नव्या गाड्यांत इंजेक्शन आलंय, तिथं हा प्रश्न सौम्य आहे, पण तिथंही आरशासारख्या पॉलिशने माझ्या नळीतलं पाणी हललेलं मी पाहिलेलं नाही. एक्झॉस्टचं पोर्ट मात्र गुळगुळीत करावं, म्हणजे तिथं कार्बन धरत नाही.

किती हॉर्सपॉवर वाढेल, असं सगळेच विचारतात. या धंद्यात एक ढोबळ अंदाज धरतात: २८ इंचांवर एका सिलिंडरला जितके सीएफएम, त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकी जास्तीत जास्त ताकद, तीही कॅम, कॉम्प्रेशन, सायलेन्सर सगळं त्याला साजेसं असेल तर. ४० सीएफएमच्या हेडमधून दहा हॉर्सपॉवरच्या वर फार अपेक्षा करू नये. हेड मर्यादा ठरवतं. तिथपर्यंत पोचवायचं काम बाकीच्या इंजिनाचं.

गावच्या रस्त्यावर पळवायला मी असं हेड करून देत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि परभणी-गंगाखेड रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या चालतात. ज्याला वेगाची आवड आहे त्याच्यासाठी कोइम्बतूरचा कारी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. लायसन्स काढावं, हेल्मेट-सूट घालून तिथं पळवावं. अशा पोरासाठी मी रात्र जागवून काम करतो.

माझ्या पोटापाण्याचं काम मात्र ट्रॅक्टरच्या हेडचं आहे, आणि तिथं हवेचा हिशेब एकदम वेगळा होतो. डिझेलच्या इंजिनात इंधन शेवटच्या क्षणी फवारलं जातं. ते हवेत मिसळायला वेळच नसतो. म्हणून इनटेक पोर्ट मुद्दाम पिळाचं, गोगलगाईच्या शंखासारखं ओतलेलं असतं, म्हणजे हवा सिलिंडरमध्ये गोल फिरतच उतरते. या फिरण्याला स्वर्ल म्हणतात. पेट्रोलच्या इंजिनातही त्याचा उपयोग होतो. बजाजने २००७ मध्ये एक्ससीडी १२५ आणली, तिच्या डीटीएस-एसआय नावातलं एसआय म्हणजे स्वर्ल इंडक्शनच, आणि हेतू होता मायलेजचा. बेंचवर स्वर्ल मोजायला हेडखालच्या नळकांड्यात हलकं पंख्यासारखं चाक बसवतात आणि ते मिनिटाला किती फिरतं ते मोजतात. मोठ्या कंपन्या आणि प्रयोगशाळा हे काम अधिक बारीक उपकरणांनी करतात. माझं चाक पातळ पत्र्याचं आहे आणि त्याच्या टोकावरची पांढरी खूण टॅकोमीटर वाचतो.

पिळाचं पोर्ट हवा थोडी अडवतंच. स्वर्ल वाढवला की हवा कमी होते, हवा वाढवली की स्वर्ल कमी होतो, आणि इंजिन बनवणारा त्या दोन्हींत मेळ घालून बसलेला असतो. कुणी "ट्रॅक्टर ओढेल चांगला" म्हणून त्या पोर्टचा पीळ डाय ग्राइंडरने सपाट केला, की हवेचा आकडा वाढतो आणि चाक मंदावतं. शेतात गेल्यावर रोटाव्हेटर लागला की काळा धूर. डिझेल जास्त, ओढ कमी. अशी हेडं माझ्याकडे येतात. ओतीव लोखंड एकदा कापलं की परत लावता येत नाही, त्या शेतकऱ्याला नवीन हेड घ्यावं लागतं. हंगामाच्या तोंडावर तो खर्च म्हणजे काय, हे मानवतच्या किंवा पाथरीच्या कापूसवाल्याला विचारावं.

एअर फिल्टरबद्दलही सांगितलंच पाहिजे. काळ्या रानात उन्हाळी नांगरट चालू असताना जी माती उडते, ती पिठापेक्षा बारीक असते. फिल्टर चोंदला की इंजिन दबतं, आणि मग कुणी तरी सल्ला देतं, "फिल्टर काढून टाका, हवा मोकळी येईल." मी चोंदलेला फिल्टर बेंचवर लावून शेतकऱ्यांसमोर दाखवतो, पाणी किती मागं येतं. मग तोच फिल्टर झटकून, नाही तर नवीन लावून दाखवतो. नवीन फिल्टर आणि फिल्टर नसणं, यांतला फरक नळीत जेमतेम दिसतो. एवढ्याशा फरकासाठी रिंगा आणि बोअरमध्ये माती घालायची नसते. जुन्या ट्रॅक्टरांवर तेलाचे फिल्टर असतात, त्यांच्या वाटीत खुणेपर्यंतच तेल हवं. जास्त भरलं की हवा तेलातून बुडबुडे काढत येते आणि अडते, कमी भरलं की माती थेट आत. हे पाहून गेलेला माणूस पुन्हा फिल्टर काढत नाही.

पुण्यात गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे, किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ पासून, वाळूजच्या कारखान्यांत आमच्याच भागातली पोरं इंजिन जोडायला जातात. पण तीच पोरं इथल्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकत असताना हवा मोजलेली पाहत नाहीत. त्यांच्या वर्कशॉपमध्ये ही वस्तू उभी करायला काय लागतं? प्लायवूड, व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारी, डायल गेज, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या, रंगीत पाणी आणि लेथवर पाडलेली दोन-तीन छिद्रं. लेथ तिथं आहे, टर्नरचा वर्ग आहे, फिटरचा आहे. फिटरने खोकं जोडावं, टर्नरने छिद्रं पाडावीत, मोटार मेकॅनिकने हेड बसवावं आणि गणिताच्या तासाला तिघांनी मिळून वर्गमूळ काढून नळीवर खुणा कराव्यात. मी माझ्या खोक्याचे सगळे आराखडे आणि मापं द्यायला तयार आहे, आणि कुणी शिक्षक पोरांना घेऊन वर्कशॉपला आले तर सकाळच्या वेळी यावं, तेव्हा व्होल्टेज बरं असतं.